पोटाच्या आजाराची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, तर अपील असे लिहा

अल्सर किंवा कोलायटिसची (मोठ्या आतड्याची सूज) पेन्शन नाकारल्याचे पत्र आले की कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत बहुतेक माजी सैनिक अपिलात पोट किती दुखते, पथ्य किती पाळावे लागते हेच लिहितात. आजार लष्करी वैद्यकीय बोर्डाने आधीच मान्य केलेला असतो. वाद असतो 'सेवेशी संबंध नाही, सेवेमुळे वाढलाही नाही' या ओळीचा. अपील त्या ओळीवर लिहा.

आधी कागद. रिलीज मेडिकल बोर्डाचा (सेवा सोडतानाची तपासणी) अहवाल म्हणजे एएफएमएसएफ-१६ फॉर्म, भरतीवेळची वैद्यकीय तपासणी, हॉस्पिटलची केस शीट आणि एंडोस्कोपी-बायोप्सीचे रिपोर्ट माहिती अधिकारात रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांनी बेळगावहून. अर्जाच्या फीसाठी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर पुरते.

मग पोस्टिंगचा तक्ता आणि आजार सुरू झाल्याची तारीख शेजारी ठेवून वाचा. 'पीस स्टेशनवर (शांत भागातील छावणीत) सुरुवात' एवढेच लिहून बोर्ड अनेकदा मोकळे होते. पण त्याआधीच्या फील्ड पोस्टिंगमध्ये (सीमेवरील वा खडतर भागातील) एमआय रूमला (युनिटचा दवाखाना) पोटदुखीची, शौचातून रक्त जाण्याची नोंद असेल, तर आजाराची सुरुवात तिथे झाली. तारीख, ठिकाण आणि पान क्रमांक तिन्ही द्या. पीसमध्ये सुरू होऊन फील्डमध्ये बळावला असेल, तर 'सेवेमुळे वाढला' असा मुद्दा घ्या.

भरतीच्या वेळी पोटाची काही नोंद नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग (२०१३) निकाल जोडा: आजार तेव्हा का सापडला नाही याची कारणे बोर्डाने दिली पाहिजेत. मात्र निवृत्ती २१ सप्टेंबर २०२३ नंतरची असेल तर नवे नियम लागतात, तिथे केस शीटमधला पुरावा जास्त भक्कम हवा. यकृत वा स्वादुपिंडाच्या केस शीटवर दारूची नोंद असेल, तर तिला उत्तर दिल्याशिवाय अपील टिकणार नाही.

अपंगत्वाची टक्केवारीही पाहा. सेवेची मुदत संपून आलेल्यांना किमान २० टक्के लागतात. आजारामुळेच घरी पाठवले असेल तर सुखविंदर सिंग (२०१४) निकालानुसार २० टक्क्यांहून जास्त धरतात. राम अवतार (२०१४) निकालाने ५० टक्क्यांखालचे ५० होतात, पण ते आजार सेवेमुळे झाला वा वाढला असे ठरल्यावरच.

पहिले अपील नकारपत्रापासून ६ महिन्यांत रेकॉर्ड ऑफिसमार्फत, तेही फेटाळले तर दुसरे ६ महिन्यांत. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. मसुदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवून घ्या. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. उशीर झाला तरी तिथे दाद मागता येते, पण अनेक प्रकरणांत थकबाकी अर्ज केल्याआधीच्या ३ वर्षांचीच दिली गेली आहे.