मे महिन्यात समुद्राकाठच्या मैदानावर गाणं ऐकायला जाताना

मी डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, साउंड लावतो. दोन बुवा, दोन पखवाज, समोर अख्खा गाव आणि पहाटेपर्यंत मिक्सरवर मी, हा माझा धंदा. त्यामुळे मुंबईचा एखादा मोठा गायक उन्हाळ्यात मालवण-वेंगुर्ल्याकडे उघड्यावर कार्यक्रमाला येणार असं कळलं की ओळखीचे सगळे मला गाठून दोनच गोष्टी विचारतात. तिकीट कुठलं काढू, आणि रात्री घरी कसा येऊ? दरवर्षी प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पुढच्या महागड्या तिकिटापासून सुरुवात करू. गायकाला जवळून बघायचं, त्याने हात पुढे केला की आपला हात लावायचा, यासाठी जात असाल तर खुशाल काढा, त्या आनंदाला मोल नाही. पण गाणं ऐकायला जात असाल तर ते पैसे वाया. टॉप, म्हणजे गळा ऐकवणारे मुख्य स्पीकर, उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचं तोंड मागच्या लोकांकडे असतं. बेसचे डबे मात्र जमिनीवर, बॅरिकेडला चिकटून. पुढच्या रांगेत छातीत धडधड मिळते, शब्द डोक्यावरून मागे निघून जातात. कवितेसारखी गाणी गाणाऱ्या गायकाला पुढे उभं राहून ऐकणं म्हणजे शुद्ध नुकसान.

ऐकायची जागा दुसरीच. स्टेजसमोर मैदानात थोड्या अंतरावर एक छोटा मंडप असतो, त्यात ऑपरेटर बसलेला असतो. अख्खा कार्यक्रम तो स्वतःच्या कानाला जसा लागतो तसा जुळवतो. त्याच्या मंडपाच्या थोडं पुढे उभे राहा, म्हणजे तो ऐकतो तेच तुम्ही ऐकाल. मंडपाच्या मागे उभे राहू नका, तिथून स्टेज दिसत नाही. आणि अगदी मधल्या रेषेवरही नको. दोन्ही बाजूंच्या बेसचा आवाज त्या रेषेवर एकाच वेळी पोचतो आणि दुप्पट जड होतो. चार-पाच पावलं डावी-उजवीकडे सरकून बघा, गायकाचा गळा एकदम मोकळा ऐकू येईल. हे सांगून मी कितीतरी जणांना हाताला धरून सरकवलंय. आधी कुरकुरतात, मग तिथून हलत नाहीत.

आता वारा. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात दुपारपासून समुद्राकडून जमिनीकडे वारा वाहतो आणि संध्याकाळी चांगला जोरात असतो. जमिनीलगत त्याचा वेग कमी, वर जास्त. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली, लोकांकडे वळतो आणि वाऱ्याविरुद्ध जाणारा वर उडून जातो. स्टेजची पाठ समुद्राकडे असेल तर वारा आवाज तुमच्याकडे आणतो, मागच्या रांगेतही ऐकू येतं. स्टेज जमिनीच्या बाजूला आणि समुद्र तुमच्या पाठीशी असेल, तर मागे उभं राहिल्यावर आवाज येतो-जातो, येतो-जातो. अशा मैदानावर स्वस्तातलं मागचं तिकीट घेऊ नका. तिकीट काढण्याआधी मैदान ओळखीचं असलं तर स्टेज कुठे बांधतायत एवढं कुणाला तरी विचारा. दिवस मावळून जमीन निवायला लागली की आवाज आपोआप सुधारतो, त्यामुळे पहिल्या तीन गाण्यांवरून साउंडवाल्याला शिव्या घालू नका. आमची बाजू म्हणून सांगतोय असं नाही. बरं, थोडं तसंही आहे.

मैदान लांबलचक असेल तर मधे स्पीकरची दुसरी जोडी लावलेली असते. आपल्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे १०० मीटर पोचायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ. एलईडी वॉलवर गायकाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, ते यामुळे. ही दुसरी जोडी तेवढीच उशिरा वाजवतात, जेणेकरून दोन्ही आवाज एकत्र पोचावेत. तिच्या पुढ्यात उभे राहा. तिच्या बाजूला किंवा मागे गेलात तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल.

किती वाजता जायचं? गेट चारला उघडतं म्हणून चारला पळू नका. स्टेजची पाठ समुद्राकडे असली की सूर्य थेट तुमच्या डोळ्यांत, आणि मे महिन्यात तो सातच्या सुमारास बुडतो. गायक अंधार पडल्याशिवाय येत नाही, कारण त्याची लाईट उजेडात दिसत नाही. सहाच्या आगेमागे पोचलात तरी पुरे. पण तुम्ही खरे चाहते असाल तर माझा सल्ला उलटा आहे. दुपारी तीन-साडेतीनला जा, आत नाही, कुंपणाबाहेर, आणि साउंडचेक ऐका.

एकदा मी काजूच्या झाडाखाली असा बसलो होतो. साध्या टी-शर्टात, डोक्याला पंचा गुंडाळून गायक आला. एकच ओळ घेतली, थांबला, बोट वर करून म्हणाला, तबला कमी करा, मला माझा सा ऐकू येत नाही. परत तीच ओळ. परत थांबला. गिटारवाल्याला हसून काहीतरी बोलला, मग डोळे मिटून अख्खं कडवं गायला, वाद्यांशिवाय, रिकाम्या खुर्च्यांसमोर. बाजूला एक आंबेवाला पेटी खाली ठेवून उभा राहिला होता. रात्रीच्या गर्दीत तेच कडवं लोकांच्या ओरडण्यात बुडालं. तिकीट काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही फुकटातली गंमत माहीत असते.

पोटापाण्याचं बोलू. आपल्याकडचा उन्हाळा विदर्भासारखा कोरडा नाही. पारा ३४-३५ वरच असतो, पण हवा दमट इतकी की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात दाटीवाटीने तीन तास उभं राहायचं. निघण्याआधी माशाचं जेवण चापून जाऊ नका. उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड. पोटात पाणीही जातं आणि मीठही. गेटवर पाण्याच्या बाटल्या बहुतेकदा काढून घेतात, म्हणून ओआरएसची पुडी खिशात ठेवा, पुडीवर लिहिलेल्या मापाने आत पाणी घेऊन त्यात घाला. सोलकढी घरून नेऊ नका, नारळाचं दूध त्या उकाड्यात दोन तासांत नासतं. त्याऐवजी आगळाची, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाची, छोटी बाटली न्या. अमृत कोकम नव्हे, आगळ, खारट असतो तो. पाण्यात दोन चमचे टाकले की काम झालं. बाजूचा माणूस बरळायला लागला, अंग तापलं, ओकायला लागला तर त्याला गर्दीबाहेर काढा, मान आणि काखा ओल्या कपड्याने पुसत राहा, आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

कपडे सुती. गायकाचा फोटो छापलेला काळा टी-शर्ट घालायची हौस असेल तर पिशवीत न्या, सूर्य बुडाल्यावर चढवा. पायात मागे पट्टा असलेलं काहीतरी हवं. पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, आणि गर्दीत साधी चप्पल टिकत नाही, कार्यक्रम संपल्यावर मैदानभर एकेक चपला पडलेल्या दिसतात.

आईला, सासूबाईंना न्यायचं असेल तर अवश्य न्या, पण खुर्चीचं तिकीट काढा आणि बाजूची, वाऱ्याची खुर्ची बघा. माझी आई दशावतार बघत रात्र रात्र बसलेली. पहिल्यांदा अशा कार्यक्रमाला आली तेव्हा म्हणाली, "माका गाणा मोठा नको रे, वारो होयो." लहान मूल असेल तर बेसच्या डब्यांपासून लांब ठेवा आणि कानावर इअरमफ घाला. कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, ती मोठ्यांसाठीसुद्धा काही कमी नाही. मी स्वतः इअरप्लग घालूनच ऐकतो. माझा धंदा कानावर चालतो.

दहा वाजले की माईक बंद. खुल्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ भोंगा वाजवायचा नाही, असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत नियम आहे. वर्षातले मोजके, जास्तीत जास्त १५ दिवस, १२ वाजेपर्यंत सूट देता येते, पण तुमचा कार्यक्रम त्यातला असेल असं धरून चालू नका. रात्री उशिरा रंगात येणाऱ्या खेळांची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे पचत नाही. साडेआठ झाले तरी बाहेर भजी खात उभे असतात, "आत्ता खंय, अजून मुंबईवालो जागो व्हवचो आसा." मग ओळखीचं गाणं सुरू झाल्याचं बाहेरूनच ऐकतात. ज्या गाण्यासाठी आलात ते नऊ ते पावणेदहाच्या मधे येतं. त्या वेळात संडासच्या रांगेत सापडू नका. आणि वन्समोअर द्यायचा तर पावणेदहाच्या आत द्या, नंतर तो मान्य करायचा म्हटलं तरी गायकाला करता येत नाही.

मोबाइलवर एखादं कडवं चित्रित करा, बास. पुढे उभं राहून केलेल्या चित्रीकरणात बेस फाटतो, नंतर कोणी ऐकत नाही. शिवाय गर्दीत नेटवर्क कोलमडतं, त्यामुळे तिकिटाचा क्यूआर आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा. यूपीआय चालत नाही तेव्हा भजीवाला सुटे मागतो, दहा-वीसच्या नोटा हव्यात. चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाण आधीच ठरवा, आणि ते "गेटजवळ" असं नको. गेटजवळ सगळेच असतात.

आभाळाकडे लक्ष ठेवा. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळवाचा पाऊस सांगून येत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप घेऊन ठेवा, विजेची सूचना देतं. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. मैदान सोडा, गाडीत काचा लावून बसा. आंब्याखाली नाही, माडाखाली तर नाहीच, आणि स्टेजच्या लोखंडी सांगाड्यापासून लांब. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका.

गाडी कुठे लावता यावर तुमची रात्र अवलंबून आहे. किनाऱ्यावर कार्यक्रम करणाऱ्यांना पुनवेचं चांदणं आवडतं. पण तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने निघते, हा हिशोब आपल्याकडे कुठलाही रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, सांगेल. पुनव पंधरावी तिथी, म्हणून सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी पाचला ओहोटी, पुळण ऐसपैस मोकळी, लोक खुशीत गाड्या खाली उतरवतात. कार्यक्रम संपवून येतात तेव्हा उधाणाचं पाणी चाकाला लागलेलं असतं आणि चाक वाळूत रुतलेलं. कोणी कितीही बोलावलं तरी पुळणीवर गाडी नको. अष्टमीला भरती सहाला असते, शिवाय भांगाची, म्हणजे छोटी भरती असते, पाणी फार चढत नाही, तरीही नको.

पार्किंग सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, असेल तर बॅटरी न्या. दिवसभर तापलेला कातळ रात्री उशिरापर्यंत ऊब धरून असतो आणि सुक्या गवतात फुरसं, हा विषारी साप, असतं. ते छोटं असतं, जांभ्याच्या रंगात मिसळून जातं, पाय पडेपर्यंत दिसत नाही. तिचा उजेड पायासमोर धरून, पाय आपटत चाला. चावलंच तर बांधाबांधी, कापाकापी करू नका. पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

रेल्वेने येणार असाल तर कार्यक्रमाच्या तिकिटाआधी गाडीचं आरक्षण बघा. मे महिन्यात सगळे चाकरमानी इकडेच असतात, आणि आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मालवणला रेल्वे नाही, कुडाळ स्टेशन सुमारे ३० किलोमीटरवर आहे, आणि रात्री दहानंतर रिक्षावाला सांगेल तो भाव. येतानाच त्याच्याशी परतीचं ठरवून नंबर घेऊन ठेवा. एसटीच्या भरवशावर असाल तर तुमच्या गावाला जाणारी वस्तीची गाडी किती वाजता सुटते ते डेपोत विचारा. बहुतेक ठिकाणी ती कार्यक्रम संपायच्या आधीच गेलेली असते. स्वतःची गाडी असेल तर दोनच मार्ग: शेवटचं गाणं सोडून निघा, किंवा संपल्यावर अर्धा-पाऊण तास मैदानातच बसून राहा. मी बसतो. आमच्या धंद्यातली पोरं तेव्हा केबल गुंडाळत असतात, त्यांच्याकडे चहा मिळतो, आणि त्या रात्री बुवा, म्हणजे गायक, कुठल्या गाण्यात चुकला हेही.