ब्लॅक मेटल अल्बमवर मत लिहिताय? मग आधी हे बघा

"आवाज एकदम भंगार, गाणी सगळी सारखीच" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या, ज्याने अल्बम ऐकलाय त्यालाही यातून काही मिळत नाही आणि ज्याने नाही ऐकला त्यालाही नाही. ब्लॅक मेटल म्हणजे मेटल संगीताचा एक कर्कश, वेगवान प्रकार, त्यात आवाज बऱ्याचदा मुद्दाम तसा ठेवलेला असतो. नॉर्वेच्या डार्कथ्रोन बँडचा ट्रान्सिल्व्हेनियन हंगर घ्या, १९९४ चा, सगळी वाद्यं एकट्या फेनरिझने वाजवलीत, व्होकल नॉक्टर्नो कुल्टोचे, रेकॉर्डिंग साध्या चार ट्रॅकच्या मशीनवर. आता त्याच वर्षी त्याच नॉर्वेतून आलेला मेहेम बँडचा दे मिस्टेरीइस डोम सथानास लावा, तो बर्गनच्या ग्रीगहालेनमध्ये, म्हणजे चक्क मोठ्या कॉन्सर्ट हॉलच्या इमारतीत रेकॉर्ड केलेला, हेलहॅमरचे ड्रम नुसते अंगावर येतात. दोन्हींना "टिपिकल नॉर्वेचा कच्चा साउंड" म्हणून मोकळे झालात तर ऐकलंत काय मग? आवाज कच्चा आहे हे सगळ्यांनाच कळतं, तो त्या रिफला (गिटारवर परत परत येणाऱ्या तुकड्याला) शोभतो का ते लिहा. ट्रान्सिल्व्हेनियन हंगरला माझ्या मते शोभतो, गिटारची ती घरघर साफ केली तर मजाच जाईल.

ऐकायचं हेडफोन लावून, सलग, मग दोन-तीन दिवस सोडून परत. लोकलमध्ये लटकून ऐकून मत देऊ नका राव, गाडीच्या खडखडाटात बेस तर जातोच पण ट्रेमोलो पिकिंगमधली (तार भराभर छेडत राहणं) चाल कुठे वळली तेही कळत नाही, आणि अर्धी गंमत तिथेच असते.

"बोर झालो" लिहायला काहीच हरकत नाही, फक्त कुठे ते सांगा. बुर्झुमच्या फिलोसोफेममध्ये (१९९६) जवळपास २५ मिनिटांचा नुसता सिंथचा तुकडा आहे, मला तो रात्री चालतो, दुपारी अजिबात नाही. हे एवढं लिहिलं तरी समोरच्याला अंदाज येतो.

आता अवघड भाग. बुर्झुम म्हणजे एकटा व्हार्ग विकर्नेस, त्याने १९९३ मध्ये मेहेमच्या युरोनिमसचा खून केला, चर्च जाळल्याबद्दलही शिक्षा झाली, आणि वर सांगितलेल्या मेहेमच्या अल्बमवर गिटार युरोनिमसची आहे आणि बेस विकर्नेसचा. हे माहीत असून गाळू नका, पण सगळी पोस्ट त्यावरच खर्चून रिफबद्दल एक ओळ नाही असंही नको, ती गोष्ट सगळ्यांनी शंभरदा वाचलीय. तुम्हाला त्यामुळे ऐकवत नसेल तर सरळ तसं लिहा, तेही मतच आहे.

स्वतः कुठून आलात तेही एका ओळीत टाका, मूळचे मेडनवाले (आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे चाहते) असाल तर तुमचं "मेलडी कमी पडली" आम्ही वेगळं वाचू. डेफहेवन बँडच्या सनबेदरवर (२०१३, तो गुलाबी कव्हरवाला) लिहिताना "हे ब्लॅक मेटलच नाही" या भांडणात पडायचं तर पडा, पण ब्लास्ट बीट (ड्रमचा सलग सुसाट मारा) आहेत, किंचाळणं आहे, सोबत शूगेझच्या (रॉकची धूसर, इफेक्टने भरलेली शैली) गिटारी आहेत, त्यांचं जमलंय की नाही ते आधी सांगा.

दहापैकी किती ते द्यायचं तर द्या, मी बघतही नाही. कुठलं व्हर्जन ऐकलंत ते मात्र नक्की लिहा, जुनी सीडी आणि नंतरचा रिमास्टर (तेच रेकॉर्डिंग, आवाज नव्याने जुळवलेलं) यात आवाजाचा एवढा फरक पडू शकतो की दोघंजण वेगवेगळ्या गोष्टींवर तासभर भांडत बसतात.