रेक्समधून ऑपरेटरच्या कन्सोलवर संदेश: पाठवणं सोपं, दिसणं अवघड

रात्रीच्या बॅचमध्ये एखादी फाइल आली नाही, तर ऑपरेटरला लगेच कळायला हवं. सोलापुरात घरी बसून पुण्या-मुंबईच्या मेनफ्रेमवर (कंपन्यांच्या मोठ्या संगणकावर) रात्रपाळी करणाऱ्यांनी ही सोय आधीच पक्की करावी, कारण उठून कन्सोलपाशी जाऊन सांगता येत नाही. टीएसओत (मेनफ्रेमवर कमांड देण्याच्या सोयीत) लॉगिन करणं, रेक्स या भाषेतली फाइल लिहिणं आणि चालवणं येतं असं इथे धरलं आहे.

पायरी १: ओळ लिहा

डब्ल्यूटीओ हा कन्सोलवर संदेश पाठवणारा असेंब्लरचा मॅक्रो. टीएसओच्या रेक्समधून तो थेट बोलावता येत नाही, म्हणून 'आधी असेंब्लरचा प्रोग्रॅम लिहा' असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. साध्या संदेशाला टीएसओची सेंड कमांड पुरते. रेक्समधली ओळ अशी, फक्त मशीनवर ती रोमन कॅपिटलमध्ये लिहायची:

ॲड्रेस टीएसओ "सेंड '"मजकूर"' ऑपरेटर(१३)"

मजकूर ११५ अक्षरांच्या आत ठेवा. मजकुरात अपॉस्ट्रॉफी असेल तर ती दोनदा लिहा, नाहीतर कमांड तिथेच तुटते. कंसातला आकडा म्हणजे राउटिंग कोड, संदेश कोणत्या कन्सोलकडे जायचा ते ठरवणारा. तो दिला नाही तर २ धरला जातो.

पायरी २: बॅचमधून चालवा

जेसीएलमध्ये (बॅचचं काम सांगणाऱ्या ओळींत) आयकेजेईएफटी०१ हा टीएसओ चालवणारा प्रोग्रॅम वापरा. नुसता रेक्स चालवणारा आयआरएक्सजेसीएल नको, तिथे टीएसओच नसतो आणि सेंड चालत नाही.

पायरी ३: संदेश खरंच कुणाला दिसतो का ते पाहा

सगळी गोम इथे आहे. सेंडचा रिटर्न कोड शून्य आला म्हणजे सिस्टीमने संदेश घेतला, एवढंच. तो एखाद्या पडद्यावर उमटला असं त्यातून ठरत नाही. 'आरसी शून्य आहे ना, मग पोचला' हा सल्ला धोक्याचा आहे. त्यावर भरवसा ठेवून रात्रीचा इशारा बांधू नका.

गड्ड्याच्या यात्रेत हरवलेल्या मुलाची घोषणा होते, ती ज्या खांबांवर कर्णे जोडलेत तिथेच ऐकू जाते. माइक चालू आहे म्हणून मैदानाच्या प्रत्येक कोपऱ्यात आवाज पोचत नाही. राउटिंग कोडचं तसंच आहे. प्रत्येक कन्सोल ठरावीक कोडच ऐकतो. १ म्हणजे ऑपरेटरने काहीतरी करायचं आहे, २ म्हणजे त्याला नुसती माहिती, ३ टेपसाठी, ४ डिस्कसाठी, ९ सुरक्षेसाठी, ११ प्रोग्रॅमरसाठी. १३ ते २० ग्राहकाच्या स्वतःच्या वापरासाठी राखलेले. आपला कोड एकही कन्सोल ऐकत नसेल, तर संदेश गुपचूप लॉगमध्ये जाऊन पडतो.

म्हणून 'डी सी' कमांड देऊन कोणता कन्सोल कोणते कोड घेतो ते आधी बघा. आपला कोड त्यात नसेल तर सिस्टीम प्रोग्रॅमरला सांगा. 'व्ही सीएन' कमांडने तो कोड लगेच जोडता येतो, पण तो बदल पुढच्या आयपीएलला (सिस्टीम नव्याने सुरू करताना) पुसला जातो. कायमचा हवा असेल तर पार्मलिब या सिस्टीमच्या सेटिंगच्या लायब्ररीत, कन्सोलच्या मेंबरमध्येच (फाइलमध्येच) लिहून घ्या. हे 'नंतर करू' म्हणून सोडलं, की पुढच्या आयपीएलनंतर इशारे बंद पडतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

संदेश दिसला नाही तर एसडीएसएफ या लॉग आणि जॉब पाहायच्या साधनात लॉग उघडा. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला सात आकड्यांचा हेक्स मुखवटा असतो. डावीकडून एकेक बिट म्हणजे एकेक राउटिंग कोड. कोड २ चा मुखवटा ४०००००० आणि कोड १३ चा ०००८०००. मुखवटा बरोबर आहे, ओळही लॉगमध्ये आहे, पण पडद्यावर काही नाही, अशा वेळी आधी दोन गोष्टी तपासा: कन्सोलला तो कोड जोडलाय का, आणि एमपीएफने (सिस्टीमच्या संदेश गाळणाऱ्या सोयीने) संदेश दाबलाय का.

एमपीएफ संदेशाच्या पहिल्या शब्दावरून ठरवतं. त्यामुळे मजकूर 'फाइल आली नाही' असा सुरू करू नका. पहिला शब्द ठरावीक आयडी हवा, तोही तुमच्या कंपनीत आधी कुणी वापरलेला नसावा. ऑटोमेशनही तोच आयडी पकडतं. शेवटचं अक्षर 'आय' म्हणजे माहिती, 'ए' म्हणजे कृती हवी, ही रूढी पाळा. नुसत्या माहितीला 'ए' लावत बसलात, तर ऑपरेटर चार दिवसांत तुमचे सगळेच संदेश दुर्लक्षित करेल.

पायरी ४: पायथनमधून पाठवायचं असेल तर

झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या युनिक्स बाजूला /डेव्ह/कन्सोल ही फाइल उघडून तिच्यात ओळ लिहा. उघडताना एन्कोडिंग आयबीएम-१०४७ द्या, नाहीतर कन्सोलवर कचरा दिसेल. अशा प्रत्येक ओळीपुढे बीपीएक्सएफ०२४आय हा आयडी लागतो. तो एमपीएफमध्ये दाबलेला असेल, तर या वाटेचे सगळे संदेश एकदमच गायब होतात. म्हणून महत्त्वाच्या इशाऱ्याला सेंडच बरं.

पायरी ५: लूपला लगाम घाला

फाइलची वाट पाहणारा लूप दर फेरीला संदेश टाकत असेल तर तो आजच सुधारा. डब्ल्यूटीओचे बफर (संदेश तात्पुरते साठवायच्या जागा) मर्यादित असतात, वेगळं काही ठरवलेलं नसेल तर १५००. ते ८० टक्के भरले की आयईए४०५ई हा इशारा येतो आणि पूर्ण भरले की आयईए४०४ए. मग तुमच्या एका फाइलपायी सगळ्या सिस्टीमचे संदेश अडकतात. पहिल्यांदा एक संदेश, त्यानंतर पंधरा मिनिटांनी एक, आणि फाइल आली की शेवटचा. एवढे पुरतात.

सराव करायला मेनफ्रेम हाताशी नसेल, तर घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलिस या मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर एमव्हीएस ३.८जे ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चालवा. तिथे बीरेक्स हे रेक्सचं रूप मिळतं आणि कन्सोलची खिडकी शेजारीच उघडी ठेवता येते, त्यामुळे संदेश पोचला की नाही ते त्याच क्षणी दिसतं.