लिलावातली जुनी गाडी: चकाकी नको, नंबर बघा

रिस्टोअर केलेली, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा नव्यासारखी केलेली क्लासिक गाडी लिलावाच्या मंचावर आली की नजर आधी रंगावरच जाते. तिथेच फसगत होते. बोली लागण्याआधी पाहणीचा दिवस असतो, तो अजिबात चुकवू नका. टॉर्च आणि मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक सोबत ठेवा.

सगळ्यात आधी चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदपत्रांशी ताडून पाहा. कारखान्यातून आलेलं मूळ इंजिन गाडीत असेल, तर किमतीत मोठा फरक पडतो. नंबर ठोकलेली जागा बोटाने चाचपा. आजूबाजूचा पत्रा गुळगुळीत घासलेला वाटला किंवा एखादा अंक वेगळ्याच वळणाचा दिसला, तर नंबर पुन्हा ठोकला असण्याची शंका घ्या. (१९८१ पूर्वीच्या गाड्यांवर आजचा सतरा अक्षरांचा चॅसिस नंबर नसतो, तेव्हा प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती.)

मग चुंबक दाराच्या खालच्या कडेला, चाकांवरच्या कमानींना लावा. पकड सुटली तर रंगाखाली पुट्टी भरलेली असू शकते. बॉडी ॲल्युमिनियमची किंवा फायबरची असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही.

कामाचे फोटो आणि बिलं मागाच. आणि हो, जीर्ण पण मूळ रंग, मूळ सीट टिकून असलेली गाडी कमी लेखू नका. रिस्टोरेशन पुन्हा करता येतं, मूळपण एकदाच असतं. म्हणून जाणकार अशा गाडीसाठी कधीकधी चकचकीत गाडीपेक्षा जास्त पैसे मोजतात. बोलीची मर्यादा ठरवताना खरेदीदाराला बोलीवर वेगळं द्यावं लागणारं लिलावगृहाचं कमिशन आपल्या बजेटमधून आधीच वजा करा.