कॅरो-कानमध्ये चौथ्याच चालीला एच४ आलं तर

१. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५ उंट एफ५. कॅरो-कान, म्हणजे बुद्धिबळात ई४ ला सी६ ने उत्तर द्यायची काळ्याची सुरुवात, खेळणाऱ्याचा हात इथपर्यंत आपोआप चालतो. (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल, आणि आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची.) मग समोरचा ४. एच४ ढकलतो आणि आपण मनात म्हणतो, हा काय पोरखेळ! नेमका त्याच क्षणी डाव जातो.

या चालीवर मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे, ‘बाजूने हल्ला आला की मध्यातून उत्तर द्या.’ मध्य उघडा असेल तेव्हा हे खरं आहे. इथे डी४ आणि ई५ ची पांढरी प्यादी तुमच्या डी५ समोर घट्ट बसलेली आहेत, मध्य बंद आहे. सी५ खेळून तो फोडता येतो, पण त्याला वेळ लागतो. तुमच्या एफ५ वरच्या उंटाकडे तेवढा वेळ नाही. पटावर आत्ता एकच प्रश्न आहे: हा उंट परत कुठून येणार?

या डावात नेहमीची चाल म्हणजे ई६. उंट बाहेर काढला, आता दार लावून घ्यायचं, अशी सवयच लागलेली असते. तर ४…ई६ खेळून काय होतं ते पट मांडून बघा. ५. जी४. उंटावर हल्ला आला, म्हणून ५…उंट ई४. थेट एच१ च्या हत्तीवर नेम, आपणच काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. ६. एफ३ उंट जी६ ७. एच५. आता उंटाला घरं मोजा. एफ५ ला जी४ चं प्यादं मारतं, ई४ ला एफ३ चं. डी३ वर पांढऱ्याचा उंट आणि प्यादं दोघंही वाट बघतायत, सी२ चं प्यादं खाल्लं तर वजीर घेतो, एच५ चं खाल्लं तर जी४ चं प्यादं किंवा एच१ चा हत्ती. उंट गेला. फार तर एक प्यादं पदरात घेऊन जाईल. सातव्या चालीला.

मी हा उंट एकदा नाही, तीनदा दिलाय. तिसऱ्यांदा तर स्पर्धेच्या डावात. ई६ खेळून घड्याळ दाबलं, चाल कागदावर लिहिली, मान वर केली तर समोरचा माणूस जी४ खेळून पाणी आणायला उठलेला. त्याला माझ्या उत्तराची वाट बघायची गरजच वाटली नव्हती. त्या रात्री पट मांडल्यावर कुठे डोक्यात प्रकाश पडला. चूक उंट बाहेर काढण्यात नव्हती. सी८ पासून एच३ पर्यंतच्या कर्णावरून उंट डी७ ला मागे येऊ शकत होता, आणि ती वाट माझ्याच ई६ च्या प्याद्याने बंद केली होती. जी४ ची धमकी दुसऱ्या कुठल्याही प्याद्याने अडवलेली नसताना ई६ खेळू नका. याला अपवाद शोधत बसू नका, निदान पहिले शंभर डाव तरी.

मग खेळायचं काय? ४…एच५. विषय संपला. आता ५. जी४ आलं तर उंटाने ते प्यादं खा. एफ३ ने हाकलला तर परत एफ५ ला या. ई६ अजून खेळलेलं नाही, त्यामुळे वाट मोकळी आहे आणि तुमच्याकडे एक प्यादं जास्त आहे.

एच५ ची किंमत मोजावी लागते, आणि ती जी५ या चौकोनावर मोजायची. तिथे पांढऱ्याचा उंट येऊन बसला तर त्याला हाकलायला एच६ आता कधीच मिळणार नाही. उरलं फक्त एफ६, आणि ते तुमच्याच राजासमोरची भिंत पोखरतं. म्हणून ५. उंट जी५ आल्यावर पुन्हा हाताला आवर घाला. आता ई६ खेळलात तर ई७ मोकळं होईल आणि जी५ चा उंट सरळ डी८ चा वजीर उचलेल. हसू नका, घाईच्या डावात चांगले खेळाडूही हे करून बसतात. आधी ५…वजीर बी६, मग ई६. क्रम हाच.

वजीर बी६ ला आला की बी२ चं प्यादं डोळ्यांसमोर नाचायला लागतं. समजा ६. उंट डी३ उंट मारून डी३ ७. वजीर मारून डी३ झालं. आता बी२ खायला गेलात तर पांढरा ८. ई६ ढकलतो. एफ७ चं कवच फुटतं, तुमचा वजीर कोपऱ्यात चरत असतो आणि राजा मधोमध उघडा. ते प्यादं सोडा, ७…ई६ खेळा. पुढे वजीर ए६ ला नेऊन वजिरांची मारामारी मागता येते. पांढऱ्याची डी४ आणि ई५ ची प्यादी काळ्या घरांवर आहेत आणि त्याच्याकडे उरलेला उंटही काळ्या घरांचाच. असा उंट देखणा दिसतो, पण काम थोडंच करतो. त्यामुळे पांढऱ्या घरांचे उंट आपसात मारले गेले तर खुशाल जाऊ द्या. त्यावर हळहळ करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

५. सी४ आलं तर ई६ बिनधास्त. घोडे डी७ आणि ई७ ला. सी४ वर मारामारी झाली की डी५ हा चौकोन तुमच्या घोड्याचा. त्याला तिथून हाकलायला पांढऱ्याकडे प्यादंच उरत नाही.

५. घोडा ई२ चा इरादा जी३ वरून एफ५ चा उंट आणि एच५ चं प्यादं एकदम टोचायचा असतो. ५…ई६ ६. घोडा जी३ उंट जी६. एच५ लाही आधार मिळाला. आता नजर उलटी फिरवा: एच४ चं प्यादं कोण सांभाळतंय? एकटा हत्ती. उंट ई७ ला आणला की त्या प्याद्याची काळजी पांढऱ्याने करायची.

४…एच६ हाही पर्याय आहे, मी तो सुचवत नाही. कारण ५. जी४ नंतर बहुतेकांचा उंट एच७ ला पळतो आणि ६. ई६! येतं. ते प्यादं मारलंत तर पांढरा उंट डी३ खेळतो, उंटांची मारामारी होते, आणि पांढऱ्याचा वजीर डी३ वरून जी६ कडे बघायला लागतो. तिथून शह बसतो तेव्हा राजाला डी७ शिवाय घर नसतं. एच६ खेळायचंच असेल तर ५…उंट डी७ आणि मग सी५. ‘एच४ म्हणजे नवशिक्यांची चाल’ म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की तेव्हाचा विश्वविजेता मिखाइल ताल ती १९६१ मध्ये विश्वविजेतेपदाच्या परतीच्या सामन्यात बोटविनिकविरुद्ध खेळला होता. तो सामना बोटविनिकने जिंकला, ती गोष्ट वेगळी.

किल्लेकोटाची घाई नको. छोट्या बाजूला राजा नेलात की पांढऱ्याला तयारीनिशी जी४ फोडायला निमित्त मिळतं, आणि एच५ ला आधार देणारा एच८ चा हत्तीही तिथून हलतो. मी बहुतेक डावांत जी६ खेळून राजा एफ८ ला सरकवतो आणि हत्ती एच८ लाच ठेवतो.