पाळीव उंदरांसाठी मुलांचं हस्तकलेचं टेबल लावताय? या चुका टाळा

आम्ही कॅलिफोर्नियातली उंदीर पाळणारी काही माणसं. उन्हाळी जत्रा असो, चांद्र नववर्षाचा मेळा असो, नाहीतर महाराष्ट्र मंडळाचा गणपती, जिथे जागा मिळेल तिथे मुलांसाठी टेबल लावतो. कागदाचा उंदीर बनवायचा, तो बनवता बनवता खऱ्या उंदराबद्दल बोलायचं. या कामात आमच्या हातून बऱ्याच चुका झाल्या. त्या लिहून ठेवतेय, म्हणजे तुमच्या उंदरांना त्यांची झळ बसणार नाही.

पहिली आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे जिवंत उंदीर हस्तकलेच्याच टेबलावर ठेवणं. जुलैच्या जत्रेत आम्ही पिंजरा डिंकाच्या बाटल्यांशेजारी ठेवला होता. डिंकाने बरबटलेली बोटं गजांतून आत जात होती, समोर लाउडस्पीकर, आणि बाराच्या सुमारास सावली सरकून पिंजऱ्यावर ऊन आलं. उंदराला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी शेपटीवाटे बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याचं अवघड होतं. पिंजऱ्यातल्या आमच्या दोघी अंग पसरून पडल्या, श्वास जोरात चालला होता. ओल्या फडक्यात गार बाटली गुंडाळून शेजारी ठेवली, पिंजरा गाडीत नेऊन एसी लावला, तेव्हा कुठे त्या सावरल्या. तेव्हापासून उन्हाळी जत्रेत उंदीर नेतच नाही. गारव्यात नेले तर टेबल वेगळं, एका उंदरामागे एक मोठं माणूस, वीस मिनिटं झाली की झाकलेल्या पिंजऱ्यात विश्रांती. एकटा उंदीर कधीच न्यायचा नाही, सोबत त्याचा जोडीदार हवाच.

क्रमही ठरवून घ्या: आधी कागदाचा उंदीर, मग हात धुणं, मग खरा उंदीर, आणि परत साबणाने हात धुणं. सॅनिटायझरच्या बाटलीवर भागवू नका, पाण्याचा पिंप न्या. पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात उंदीर पाळू नयेत असा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा सल्ला आहे, म्हणून त्या वयाच्या मुलांना आम्ही फक्त दुरून दाखवतो. कुणी आजारांबद्दल विचारलं तर टाळाटाळ नको. २०१७ मध्ये अमेरिकेत पाळीव उंदरांतून माणसांना सोल विषाणूची (हा हंता विषाणूंपैकी एक) लागण झाली होती. ते सांगायचं, आणि काळजी काय घ्यायची तेही सांगायचं.

आता शेपटी. मोठ्यांची सगळी किळस तिथेच अडकलेली असते. सुरुवातीला आम्ही गुलाबी लोकरीचा धागा चिकटवायला द्यायचो. तो पाच मिनिटांत गळून पडायचा, त्यात आमच्या कागदी उंदराचे कान एवढे मोठे की तो घरातला लहानसा उंदीरच वाटायचा. मराठीत दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. पाळतात तो मोठा उंदीर. त्याचं डोकं लांबट, कान त्या मानाने लहान, शेपटी जाड आणि धडापेक्षा थोडी आखूड.

जुना सुती टी-शर्ट घ्या, बोटभर रुंदीच्या आडव्या पट्ट्या कापा आणि मुलाला पट्टीची दोन टोकं धरून ताणायला सांगा. कडा आपोआप आत वळतात आणि हातात गोल, लवचीक शेपटी येते. एका टोकाला गाठ मारायची, कार्डपेपरच्या दुमडलेल्या धडाला पंचने भोक पाडून आतून ओवायची. गाठ अडकते, डिंक लागतच नाही. मूल पट्टी ताणत असताना मी सांगते, की खऱ्या उंदराला शेपटीने कधी उचलायचं नाही, तिची कातडी सोलून निघू शकते. मुलं तिथेच हात सैल करतात. ही गोष्ट छापील पत्रकातून कधीच पोचली नव्हती.

साहित्यात अक्रोडाची टरफलं नकोत, ॲलर्जी असलेली मुलं असतात. चिकटवायचे हलते डोळे लहान भावंडं तोंडात घालतात, त्यापेक्षा पेनने काढा. वाऱ्यासाठी क्लिपा न्या. गर्दी झाली तर धड आधीच कापून ठेवलेलं बरं.

एकदा आम्ही मगावाचा फोटो लावला होता, कंबोडियात भूसुरुंग शोधणारा, २०२० मध्ये सुवर्णपदक मिळवलेला. पण तो आफ्रिकेतला गालात पिशव्या असणारा राक्षसी उंदीर, आपल्या पाळीव उंदराची जातच वेगळी. एका बाईंनी ते दाखवून दिलं आणि फोटो उतरवावा लागला. कौतुक करायचं तर आपल्याच उंदराचं करा, नाव घेतलं की धावत येतो एवढं पुरे आहे.

“कुणाला हवाय उंदीर?” असं मुलांना विचारणं मात्र अक्षम्य. मूल हट्टाला पेटतं, आईबाप गर्दीत हो म्हणतात. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, किमान दोन पाळावे लागतात, श्वसनाचे आजार नेहमीचेच, आणि उंदीर तपासणारा डॉक्टर शोधावा लागतो. हे लिहिलेलं कार्ड फक्त मोठ्यांच्या हातात द्या. जत्रेत प्राणी देऊ नका, पिल्लांची यादीसुद्धा ठेवू नका.

गणपतीत आणखी एक चूक होते. कुणी नाक मुरडलं की आपण पटकन म्हणतो, “अहो, बाप्पाचं वाहन आहे!” समोरच्याचं तोंड बंद होतं, भीती मात्र तशीच राहते. गेल्या वर्षी एक आजोबा टेबलाशी थबकले. “माझी आजी सांगायची, घरात उंदीर मरून पडला की गाव सोडून माळावर झोपड्या बांधायचे,” म्हणाले. पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगच्या या आठवणी कितीतरी घरांत आहेत. आमच्यातला एक मुलगा पिसवांचं शास्त्र सांगायला लागला, त्याला मी थांबवलं. आजोबांना बोलू दिलं. पुष्कळ बोलले. मग नातवाने ताणलेली पट्टी हातात घेऊन गाठ त्यांनीच मारली.

“हा चावतो का गं?” पलीकडच्या टेबलाकडे बघत त्यांनी विचारलं.

“घाबरला तर चावतो, आजोबा.”

हात मागे बांधून ते बराच वेळ तिथे उभे राहिले.