कुरळ्या एपिफायलमची ओळख आणि निगा

एपिफायलम या कुंडीतल्या निवडुंगाच्या फांद्या पिळवटलेल्या दिसल्या की बरेच जण आधी झारी उचलतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो. फांदी तहानेने वळते, मुळे कुजली तरी वळते, आणि काही झाडांचा तर तो जन्मजात स्वभावच असतो. तहानेला पाणी लागते, कुजलेल्या मुळांना तेच पाणी मारते आणि जन्मजात कुरळ्या झाडाला कसल्याच उपचाराची गरज नसते. त्यामुळे पाणी घालण्याआधी झाड नीट ओळखून घ्यावे.

कुरळेपणा खरा की आजाराचा?

ज्याला आपण पान म्हणतो ते इथे पान नसतेच. एपिफायलम हे निवडुंगाच्या कुळातले. त्याचे खोडच चपटे होऊन पानाचे काम करते. ब्रह्मकमळ म्हणून घरोघरी लावले जाणारे एपिफायलम ऑक्सिपेटालम याच प्रजातीतले. फांदीच्या कडेला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक बारीक ठिपका, म्हणजे एरिओल. नवी फूट आणि कळी तिथूनच येते. खरे पान कडेवर कळी धरत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

आता सर्वांत कोवळी फूट बघा. ती अगदी लहान असतानाच वळत, पिळत बाहेर येत असेल, बोटांत धरल्यावर टणक आणि भरीव लागत असेल, रंग तजेलदार हिरवा असेल, तर झाड जन्मजात कुरळे आहे. रंध्याखालून निघालेल्या लाकडाच्या सालपटांसारख्या या फांद्या कुंडीबाहेर लोंबतात. कोणतीही दोन वळणे सारखी नसतात.

फांदी आधी सरळ होती आणि आता तिच्या कडा आत दुमडल्या आहेत, पृष्ठभागावर सुरकुत्या आहेत, असे असेल तर बोट मातीत खुपसा. माती कोरडी ठणठणीत असेल तर ती तहान. भरपूर पाणी द्या, थोड्या दिवसांत फांदी पुन्हा भरते. माती ओली असूनही फांदी लुळी पडली असेल तर झाड कुंडीतून काढा. निरोगी मुळे पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि घट्ट असतात. कुजलेली काळपट असतात आणि ओढली की त्यांची साल हातात येते. कुजलेला भाग कापून काढून झाड कोरड्या, नव्या मिश्रणात लावावे आणि काही दिवस पाणी देऊ नये. नवी फूट वेडीवाकडी असून तिच्यावर तपकिरी, खरबरीत चट्टे असतील तर कीड शोधा.

नेमके नाव काय?

रोपवाटिकांत बहुधा 'कर्ली लॉक्स' किंवा 'मॉन्स्ट्रोसा' या नावाने मिळते ते एपिफायलम ग्वाटेमालेन्सेचे कुरळे रूप. मूळ वनस्पती मध्य अमेरिकेतली. अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ तिला आता एपिफायलम हुकेरीची उपजाती मानतात. कुरळे रूप म्हणजे वाढीची नेहमीची शिस्त मोडलेला प्रकार. तो रोग नाही आणि शेजारच्या कुंडीला लागतही नाही.

दोन झाडांशी याची गल्लत होते. फिशबोन निवडुंगाच्या फांदीच्या कडा खोल, नागमोडी कापलेल्या असतात, पण फांदी सहसा सपाट राहते. दुसरी होया कार्नोसाची दोरीसारखी कुरळी जात. तिची पाने खरी, मेणचट आणि वेलीवर दाटीने लागलेली असतात. पान तोडले की पांढरा चीक येतो. एपिफायलमच्या कापातून येणारा रस दुधाळ नसतो.

कुंडी, माती, उजेड

जंगलात ही झाडे मोठ्या वृक्षांच्या बेचक्यांत, साचलेल्या पाचोळ्यात वाढतात. बांडगुळासारखा वृक्षाचा रस मात्र शोषत नाहीत. म्हणूनच बागेतली चिकट माती त्यांना सोसत नाही. नारळाच्या सोडणाचे किंवा झाडाच्या सालीचे तुकडे, पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि चांगले कुजलेले खत साधारण समप्रमाणात घ्या. मूठभर ओले मिश्रण दाबून सोडल्यावर ते भुसभुशीत होऊन सुटले पाहिजे. लाडू तसाच राहिला तर आणखी सालीचे तुकडे घाला. कुंडी लहानच बरी. मुळे थोडी दाटीत राहिली तर बिघडत नाही, मोठ्या कुंडीत मात्र ओल साचते. टांगती कुंडी सर्वांत सोयीची.

उजेड भरपूर, पण गाळलेला हवा. सकाळचे कोवळे ऊन चालते. दुपारच्या उन्हात फांद्या पिवळट किंवा लालसर होतात आणि करपतात. अंधाऱ्या कोपऱ्यात लांब, बारीक दोऱ्यांसारख्या होतात. तापमान १० अंश सेल्सिअसखाली जाणार असेल तर कुंडी आत घ्यावी.

पाणी आणि खत

वरचा २-३ सेंटिमीटर थर सुकला की कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि ताटलीतले ओतून टाका. थंडीत पाण्याचे अंतर वाढवा, पण निवडुंग आहे म्हणून महिनोन्‌महिने कोरडे ठेवू नका. हा वाळवंटातला निवडुंग नव्हे. वाढीच्या काळात द्रवरूप खत निम्म्या मात्रेने द्यावे. नत्र जास्त झाले की फांद्या माजतात आणि फुले रुसतात.

वळणांत लपलेली कीड

साध्या एपिफायलमपेक्षा इथे खरी जास्तीची मेहनत एवढीच. पिठ्या ढेकूण वळणाच्या आतल्या बाजूला, एरिओलच्या खाचेत दडतो आणि वरून झाड ठणठणीत दिसते. पाणी घालताना एखादी फांदी उलटी करून, गरज पडल्यास बॅटरीच्या उजेडात बघावी. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की कान साफ करायची काडी रबिंग अल्कोहोलमध्ये (जखम पुसायच्या स्पिरिटमध्ये) बुडवून तो टिपून घ्या. आठवड्याने पुन्हा तपासा, कारण अंडी मागे राहतात.

नवे रोप, आणि सरळ फांदीचा बंदोबस्त

कुरळेपणा टिकवायचा तर बियांच्या भरवशावर राहू नका, फांदीचा तुकडाच लावा. १०-१५ सेंटिमीटरचा, पूर्ण वाढलेला तुकडा कापून सावलीत आठवडाभर ठेवा. कापावर कोरडी खपली धरली पाहिजे. पिळलेल्या तुकड्याचे वर-खाली नंतर ओळखू येत नाही, म्हणून कापतानाच खालचे टोक तिरपे आणि वरचे सरळ कापा. तिरपे टोक किंचित ओलसर मिश्रणात २-३ सेंटिमीटर खोचा. सुरुवातीला पाणी बेताचेच. हळूच ओढल्यावर तुकडा अडला तर मुळे धरली.

कुरळ्या झाडातून मधूनच एखादी सपाट, सरळ फांदी जोमाने वर येते. ते मूळ रूपाकडे परतणे असते. ती राहू दिली तर अशा फांद्या कुरळ्यांना मागे टाकतात, म्हणून बुडापासून छाटा. छाटलेली फांदी वेगळ्या कुंडीत लावायला हरकत नाही. उलट जुन्या कुरळ्या फांद्यांना, बेढब दिसल्या तरी, कात्री लावू नका: पांढरी, रात्री उमलणारी फुले पूर्ण वाढलेल्या फांद्यांवरच येतात. कळ्या दिसू लागल्या की कुंडी जागची हलवू नये, नाहीतर त्या गळतात.